इनोबतचा लांबलेला निकाह

आमच्या मोहल्ल्यात लग्न ठरलं की आधी इनोबतच्या दारात कापूस येऊन पडतो. उझबेकिस्तानातल्या आमच्या कोकंदमध्ये गाद्या-दुलयांशिवाय मुलीची पाठवणी होत नाही, आणि इनोबतसारखे टाके घालणारी बाई आमच्या भागात दुसरी नाही. नवरा वारला तेव्हा तिचा मुलगा शाळेत होता. याच सुईवर तिनं त्याला वाढवलं, त्याचं लग्न केलं. मुलगा दिलमुरोद आता रशियात, कझानला बांधकामावर असतो. घरात ती आणि सून बार्नो. दोघी ओसरीवर मांडी घालून समोरासमोर बसतात, मधे रेशमी दुलई पसरलेली असते, आणि दोन कडांकडून टाके घालत मध्याकडे येतात.

तिचं शिलाई मशीन जुनं. ते दुरुस्त करायला तुर्गुन-अका, म्हणजे तुर्गुनदादा, यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, पन्नाशी ओलांडलेला, शांत माणूस. पुढं पुढं ते मशीन जरा जास्तच बिघडायला लागलं. आम्ही शेजारणी समजायचं ते समजलो. मग तुर्गुन-अकांची बहीण रीतसर भाकरी आणि मिठाई घेऊन आली, आणि इनोबतनं भाकरी मोडली, म्हणजे होकार दिला.

दिलमुरोदला फोन करायची तिला सर्वांत जास्त भीती होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आईला म्हणाला, "ओयी, हिवाळ्यात तुम्हाला लाकडं फोडून द्यायला कुणी असेल तर मला इथे झोप लागेल." इनोबतनं फोन ठेवला आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. ऑक्टोबरात बिहीची फळं पिकतील तेव्हा निकाह करायचा असं ठरलं. इमामसाहेब, चार घरची माणसं, एक कढई पुलाव. बस.

पुढचं सगळं मला बार्नोनं सांगितलं, आणि इनोबतनं ते सांगू दिलं. म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

सप्टेंबरच्या शेवटाला बार्नोच्या लक्षात आलं की सासू मांडी घालून बसत नाही. आधी ती गुडघ्यांवर उभी राहून टाके घालायची. मग दुलई टेबलावर पसरून उभ्यानं. विचारलं तर म्हणाली, "गुडघा धरलाय." पण गुडघा धरलेली बाई चहा का टाळेल? इनोबतला दिवसभर हिरवा चहा लागतो, आणि आता भरलेली पियाली तशीच गार व्हायची. पाणीसुद्धा ती घोट-घोट प्यायची. स्वतःचे कपडे स्वतः धुवायची, टॉवेलाखाली झाकून वाळत घालायची.

एका सकाळी तिनं टेबलावरून मान वर न करता सांगितलं, "तुर्गुन-अकांच्या बहिणीला निरोप दे. निकाह नको म्हणावं."

"का?"

"मन नाही."

"ओयी, परवापर्यंत तर तुम्ही त्यांच्यासाठी अंगात घालायचा कापसाचा चपान शिवत होता."

"मन बदलतं. माणसाला मन बदलायची मुभा असते की नाही?"

बार्नो निरोप द्यायला गेली नाही. त्याच दुपारी अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासातून इनोबत भिंत धरून बाहेर आली. ओठ दाताखाली घट्ट, कपाळावर घाम. ती दोन पावलं चालली आणि तुतीच्या झाडाला टेकून उभी राहिली. बार्नो हातातलं पीठ तसंच घेऊन धावली.

"ओयी, काय होतंय ते मला दाखवा."

"वेडी आहेस का? सुनेला दाखवायची गोष्ट आहे का ती?"

"मग कुणाला दाखवणार? मुलाला?"

इनोबत रडता रडता हसली, आणि त्या हसण्यानंच तिचा बांध फुटला. आमच्याकडे सून रोज सकाळी सासूला वाकून सलाम करते, तिच्यासमोर पाय पसरत नाही, आवाज चढवत नाही. सासूही सुनेसमोर ओढणी नीट करूनच बसते. बार्नो त्या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि तिनं सासूचे केस मोकळे सोडलेलेसुद्धा क्वचितच पाहिले होते. त्या दुपारी आतल्या खोलीत पडदा ओढून घेतल्यावर तिनं पाहिलं. मांड्यांच्या आतल्या बाजूनं वरपर्यंत कातडी सोलवटून निघाली होती. कुठे लालभडक, कुठे पांढरट, कडांना काळपट निळी. कापड चिकटून चिकटून काही ठिकाणी रक्त आलं होतं.

बार्नो उठली. तिनं पाणी कोमट केलं, मलमलीचा जुना तुकडा उकळून आणला, आणि घासायचं नाही तर नुसतं टिपायचं, एवढं तिला आईकडून ठाऊक होतं तसं टिपलं. इनोबतनं पूर्ण वेळ तोंडावर उशी धरली होती.

"भाजलं का कशानं?" बार्नोनं शेवटी विचारलं.

इनोबतनं गाद्यांच्या थप्पीत हात घालून एक पांढरी डबी काढली. डबीवर एका फुलाचं चित्र होतं, बाकी काही नाही. नाव नाही, गाव नाही, आत काय आहे ते नाही.

"हे काय?"

"उजळायचं मलम. मुअत्तर देते."

मुअत्तर ही इनोबतची चुलत नणंद, दोन गल्ल्या सोडून राहते; बार्नो तिला खोला, म्हणजे मावशी, म्हणते. फोनवरच्या बायकांच्या गटात मलमं आणि साबण विकते.

"तिथे?" बार्नो म्हणाली. "तिथे कोण बघायला जातंय, ओयी?"

"तेच." इनोबतनं उशी छातीशी धरली. "तेच ना. बघणारा येणार होता."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या पहिल्या नवऱ्यानं, म्हणजे बार्नोच्या सासऱ्यानं, एकदा भरदिवसा तिला कपडे बदलताना पाहिलं आणि हसून म्हणाला होता, "ही तर कढईची पाठ आहे." माणूस वाईट नव्हता. बोलून गेला, विसरून गेला, जेवायला बसला. इनोबत विसरली नाही. तो होता तोवर तिनं दिवा विझल्याशिवाय कपडे उतरवले नाहीत. तो गेल्यावर वाटलं, चला, आता ते संपलं. पण हा दुसरा निकाह ठरला आणि ते वाक्य कुठूनसं परत आलं. मुअत्तरला ती सहज म्हणाली की या वयात लाज वाटते, तर मुअत्तर म्हणाली, अगं, आता सगळ्या नवऱ्या मुली लावतात, तुलाच माहीत नाही.

"आधी उजळलं गं," इनोबत म्हणाली. "खरंच उजळलं. मग चुरचुरायला लागलं. मुअत्तर म्हणाली, चुरचुरतंय म्हणजे काम करतंय, थोडं जास्त लाव."

बार्नोला सासऱ्याचा राग आला, मुअत्तरचा आला, आणि थोडा इनोबतचाही. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या दवाखान्यात जायचं."

"मी मरेन पण नाही जाणार."

"मराल तेव्हा तुम्हाला आंघोळ घालायला मोहल्ल्यातल्या बायका येतील. त्या बघतील. त्यापेक्षा एक डॉक्टर बरी."

इनोबतनं तिच्याकडे पाहिलं. "जीभ बरीच लांब झाली तुझी."

"तुमच्याच घरात वाढली."

त्वचेच्या डॉक्टर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बसत. जाड चष्मा, आखूड केस, टेबलावर अर्धवट खाल्लेला समोसा. त्यांनी बार्नोला बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा इनोबतनं तिची बाही धरली. "राहू द्या तिला. तिनं पाहिलंय सगळं."

डॉक्टरांनी तपासलं, डबी उघडून पाहिली, झाकण परत लावलं. रागावल्या नाहीत. ते इनोबतला सर्वांत जड गेलं, कारण ती रागावून घ्यायच्या तयारीनं आली होती.

"यात काय आहे ते मी शपथेवर सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "कारण बनवणाऱ्यानं लिहिलेलंच नाही. अशा बिननावाच्या डब्यांत कधी कडक स्टिरॉइड निघतं, कधी डाग घालवायचं औषध भलत्याच प्रमाणात, कधी पारा."

"पारा? थर्मामीटरमधला?"

"त्याच जातीचा. कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडांना त्रास देतो. म्हणून आज लघवी तपासायला द्यायची. आणि तिथली कातडी चेहऱ्यापेक्षा, हातापेक्षा नाजूक असते, जे लावाल ते पटकन आत ओढून घेते. वरून कपडा, घाम. म्हणून एवढं सोललं."

इनोबत खाली बघत होती. बराच वेळ कुचंबून तिनं विचारलं, "चांगलं महागाचं आणलं असतं तर?"

"चेहऱ्यावरच्या वांगासाठी आम्ही काही औषधं देतो. मोजून देतो, लक्ष ठेवून देतो, थांबवतो. पण त्या जागी ती लावणं सुरक्षित आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, तसा भरवसा माझ्याकडे नाही. आणि उजळायचं कशाला? तो काही आजार नाही, मळ नाही. वय, बाळंतपण, कपड्याचं घासणं, अंगातले बदल. बायांची असते, पुरुषांची असते. ती जागा बाकी अंगापेक्षा सावळीच असते. माझीही आहे."

इनोबतनं मान वर केली. "तुमचीसुद्धा?"

"मी काय पिठाची केलेली आहे?" डॉक्टर म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "हां, अचानक एखादा वेगळाच डाग उठला, गाठ आली, खाज थांबेना, तर मात्र लाजायचं नाही, दाखवायला यायचं. ते वेगळं. बाकी रंगाचं काही करायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं: डबी बंद. साबण नाही, नुसतं पाणी. त्या लिहून देतील ते मलम तेवढं, सैल सुती कपडे, आणि पाणी भरपूर प्यायचं, लघवी जितकी पातळ तितकी जळजळ कमी. आणि शेवटी, चष्मा काढून पुसता पुसता, "जखम भरल्यावर काही महिने ती जागा आधीपेक्षा जास्त काळी दिसेल. घाबरून परत काही लावू नका. हळूहळू उतरेल, पण वेळ घेईल."

"म्हणजे होतं त्याहून काळं," इनोबत म्हणाली.

"काही महिने."

परतताना बसमध्ये बसायचं नव्हतंच. दोघी दांडीला धरून उभ्या राहिल्या. इनोबत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघ, पैसे देऊन काय आणलं मी."

बार्नोनं तिचा दांडीवरचा हात आपल्या हातानं झाकला. पूर्ण रस्ता तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी बार्नो डबी घेऊन मुअत्तरकडे गेली. भांडायच्या तयारीनं गेली होती, वाटेत वाक्यंही जुळवली होती. मुअत्तर अंगणात मिरच्या वाळत घालत होती. नेहमी तिच्या चेहऱ्यावर पावडरचा थर असतो, त्या दिवशी नव्हता. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, आत लाल बारीक शिरांचं जाळं, आणि हनुवटीवर पुटकुळ्या.

"खोला, हे तुमच्या मलमानं झालं का?" बार्नोला जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

मुअत्तरनं हात गालावर नेला. "लावलं नाही की आग होते. लावलं की शांत होतं. म्हणून लावते."

बार्नोनं इनोबतचं सांगितलं. जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढंच. मुअत्तर मिरच्यांच्या चादरीशेजारी खाली बसली. "मी तिला जास्त लाव म्हणाले," ती म्हणाली. "मी तिचं वाईट चिंतलं असेल का, बार्नो? तिच्या लग्नाची दुलई मी माझ्या हातानं शिवली होती."

"वाईट चिंतलंत असं कोण म्हणतंय? पण आता विकू नका. आणि चला माझ्याबरोबर, तुम्हालाही दाखवू."

मुअत्तर लगेच आली नाही. दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा आली. तिचे गाल सुधारायला इनोबतपेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी तिला ते मलम एकदम न सोडता कसं उतरवायचं ते समजावलं. गटातल्या बायकांना तिनं फक्त एवढं लिहिलं की माझ्याकडचं मलम वापरू नका, मला त्रास झाला. काहींनी तिला शिव्या घातल्या. एकीनं विचारलं, मग दुसरं कुठलं आहे?

इकडे निकाह नको हा निरोप शेवटी इनोबतनं स्वतःच फोनवर दिला होता, तब्येतीचं कारण सांगून. आणि मोहल्ला म्हटल्यावर तब्येतीचा तपशील मोहल्ल्यानं भरला. बाई बसत नाही, उभ्यानं शिवते, दवाखान्यात जाऊन आली. मूळव्याध. दोन दिवसांत सगळीकडे झालं.

तुर्गुन-अका शुक्रवारच्या नमाजानंतर आले. बार्नोनं फाटक उघडलं. त्यांच्या हातात एक मोठा लाल भोपळा होता आणि काखेत काहीतरी गुंडाळलेलं. आत आले नाहीत, उंबऱ्याशीच उभे राहिले.

"मुली, माझ्या बहिणीचं काही बोलणं लागलं असेल तर मी माफी मागतो."

"नाही, अका. तसं काही नाही. ओयींना बरं नाही."

"ते कळलं." त्यांनी भोपळा खाली ठेवला आणि काखेतलं गाठोडं पुढं केलं. कान लाल झाले होते. "हे माझ्या मेहुण्याला फार उपयोगी पडलं. बसायची गादी आहे. मधे भोक ठेवलंय. मी स्वतः शिवली, टाके काही इनोबतखोनसारखे नाहीत."

बार्नोनं गादी घेतली. ती आत गेली, इनोबतसमोर ती ठेवली, आणि कुणी पाठवली ते सांगताना तिला तोंडात ओढणी कोंबावी लागली. इनोबतनं ती गादी उलटीसुलटी करून पाहिली. टाके वाकडेतिकडे, एक बाजू दुसरीपेक्षा जाड. "कापूस पिंजलाच नाही नीट," ती म्हणाली. मग तिच्या खांद्यांना कंप सुटला, बार्नोला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसत होती.

"गेले का ते?"

"भोपळ्यापाशी उभे आहेत."

इनोबत उठली. ओढणी नीट केली आणि अंगणातून हळूहळू, पाय फाकवून चालत फाटकाशी गेली. बार्नो ओसरीवर थांबली. पण आमच्या अंगणांत ओसरीवरून सगळं ऐकू येतं.

"तुर्गुन-अका, मूळव्याध नाही."

"बरं."

"मी एक मलम लावलं. चांगलं दिसावं म्हणून. जिथे लावायला नको तिथे लावलं. भाजलं."

तुर्गुन-अकांनी पायानं भोपळा जरासा सरळ केला.

"आता आधीपेक्षा वाईट दिसेल, असं डॉक्टर म्हणतात. काही महिने. तुम्हाला सांगितलं. आता तुम्ही मोकळे आहात."

"ऑगस्टमध्ये मी पंधरा-वीस दिवस आलो नव्हतो, आठवतं?" तुर्गुन-अका म्हणाले.

"कामाला फर्गानाला गेला होता ना?"

"घरीच होतो. मिशीला कलप लावला होता. निकाहात फोटो काढतील, पांढरी मिशी कशी दिसेल म्हणून. ओठ असा सुजला, की बहिणीनं चमच्यानं सूप पाजलं. तीन दिवस डोळा उघडत नव्हता." त्यांनी खिशातला रुमाल काढून परत ठेवला. "तुम्हाला कळू नये म्हणून फर्गाना."

इनोबतनं त्यांच्या मिशीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "मूर्खच आहात."

"दोघंही," तुर्गुन-अका म्हणाले. "दुखतंय का फार?"

एवढं विचारलं त्यांनी. कुठे, कसं, कशाला, काही नाही. बार्नो म्हणते की त्या क्षणी तिला कझानच्या नवऱ्याची फार आठवण आली.

"परवापेक्षा कमी," इनोबत म्हणाली.

"मग घाई काय आहे? बिही काय, डाळिंबाच्या दिवसांतही निकाह होतो. बर्फातही होतो."

पहिल्या तपासणीत लघवीत थोडी प्रथिनं निघाली होती आणि त्यानं बार्नोची झोप उडवली होती. डॉक्टरांनी थांबून परत तपासायला सांगितलं. मलम बंद झालं होतं, इनोबत पातेलंभर पाणी पीत होती. पुन्हा तपासलं तेव्हा कमी झालं होतं, त्यानंतरच्या वेळी काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर थांबलात. त्या पांढऱ्या डबीचं काय करायचं ते बार्नोनं विचारलं, तेव्हा त्यांनी ती तपासायला पाठवायची म्हणून ठेवून घेतली.

जखम भरली. त्या जागेचा रंग डॉक्टर म्हणाल्या तसाच गडद झाला. इनोबतनं एकदाच आरसा घेऊन पाहिलं आणि आरसा भिंतीवर परत टांगला.

निकाह डिसेंबरात झाला. बर्फ नव्हतं, चिखल होता. इमामसाहेबांचे बूट अंगणात रुतले. मुअत्तर पावडर न लावता आली, लाल गालांनिशी, आणि पुलावाचं गाजर चिरायला बसली. दिलमुरोद फोनच्या पडद्यावर होता, टाय लावून. तुर्गुन-अकांची मिशी पांढरीशुभ्र होती. संध्याकाळी इनोबत त्यांच्या घरी राहायला गेली, म्हणजे तीन फाटकं पलीकडे. पण शिवणाचं काम इथेच राहणार होतं, त्यामुळे रोज सकाळी ती येणारच होती.

पहिले काही दिवस बार्नोनं काही विचारलं नाही. सासूला असलं विचारायचं नसतं. पण चार-पाच दिवसांनी दोघी लोणच्यासाठी कोबी चिरत होत्या, तेव्हा इनोबत आपणहूनच म्हणाली, "ते दिवा लावून झोपतात."

बार्नोनं सुरी थांबवली. "रोज?"

"रोज. अंधारात श्वास कोंडतो म्हणे, लहानपणापासून. मला आधी सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणे."

"मग?"

"मग काय?" इनोबतनं कोबीचा गाभा काढून बाजूला ठेवला. "पहिल्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. म्हटलं, आता बघतील. मी तर सांगितलंच होतं. शेवटी वळले." ती थांबली. कान गुलाबी झाले होते. "तर ते माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे. म्हणाले, दुलई आखूड आहे का, तुमचे पाय उघडे पडतायत."

"एवढंच?"

"एवढंच." इनोबतनं दुसरा कोबी घेतला. "आखूडच आहे खरंच ती. त्यांच्या बहिणीनं शिवलेली. जरा मोठी शिवू त्यांच्यासाठी."